स्टिकरवरच्या आकड्याची वंशावळ

बारावीचा निकाल लागून इंजिनिअरिंगचा प्रवेश नक्की झाला की घरोघरी लॅपटॉपची चर्चा सुरू होते. साठ-सत्तर हजारांचा प्रश्न असतो, त्यामुळे सगळेच गंभीर असतात. दुकानात मांडलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर कीबोर्डच्या खाली छोटे स्टिकर असतात: कोअर आय५, रायझन ७, आरटीएक्स ४०६०. मुलगा किंवा मुलगी फोनवर दोन चिपांचे गुण शेजारी शेजारी लावून बघते, आणि ज्याचे गुण जास्त तो लॅपटॉप घरी येतो. हे गुण कोणी ठरवले, कोणत्या कामावरून ठरवले, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. ती करायला लागलो की साठ-पासष्ट वर्षे मागे जावे लागते. तसे मागे जाऊन आले की दुकानात कोणता प्रश्न विचारायचा हे आपोआप कळते, असा माझा अनुभव आहे.

संगणक खोलीभर असायचे त्या काळात दोन यंत्रांची तुलना बेरजेवरून व्हायची. एक बेरीज करायला किती मायक्रोसेकंद लागतात ते बघायचे आणि कमी वेळ घेणारे यंत्र चांगले म्हणायचे. १९५९ मध्ये आयबीएममधल्या जॅक गिब्सन यांनी वेगळा मार्ग धरला. ७०४ आणि ६५० या यंत्रांवर प्रत्यक्ष चालणारे प्रोग्राम घेऊन त्यांत कोणती सूचना किती वेळा येते, हे त्यांनी मोजले. हाती आलेले प्रमाण आजही बघण्यासारखे आहे. शंभरातल्या ३१.२ सूचना नुसत्या मेमरीतून आकडा उचलण्याच्या किंवा परत ठेवण्याच्या होत्या. यादीतल्या नेमक्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठी १८, ‘असे असेल तर तिकडे जा’ या प्रकारच्या १६.६. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी फक्त ६.१, आणि भागाकार ०.२, म्हणजे हजारात दोन. ज्या बेरजेवर लोक यंत्रे पारखत होते ती एकूण कामाच्या सोळाव्या भागाएवढी होती. गिब्सन यांनी या प्रमाणानुसार प्रत्येक सूचनेला वजन देऊन यंत्राचा एकच सरासरी वेग काढला. आजच्या सगळ्या गुणांचा हा मूळपुरुष. त्याची पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण तिची सुरुवात यंत्रापासून झालेली नाही. माणसे यंत्राकडून कोणते काम करून घेतात, तिथून झाली आहे.

पुढची पिढी सरकारी खरेदीतून जन्मली. ब्रिटनच्या व्यापार आणि उद्योग खात्याच्या तांत्रिक विभागाला सरकारसाठी संगणक निवडायचे होते. १९७२ मध्ये हॅरोल्ड कर्नो यांनी ब्रायन विचमन यांच्याबरोबर ‘व्हेटस्टोन’ हा चाचणी प्रोग्राम बांधला. केडीएफ९ या संगणकावर वैज्ञानिक प्रोग्राम कसे वागतात याची विचमन यांनी नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत केलेली मोजदाद त्याला आधाराला होती. चाचणीतला प्रोग्राम मात्र खरा नव्हता. खऱ्या प्रोग्रामांत जे मिश्रण दिसले तेच त्यात भरले होते, पण त्यातून उपयोगाचे उत्तर काहीच निघत नव्हते. १९८४ मध्ये सीमेन्समधल्या राइनहोल्ड वाइकर यांनी त्याच धर्तीवर ‘ड्राइस्टोन’ लिहिला. त्यात दशांश अपूर्णांकांची गणिते जवळजवळ नाहीत. शब्द इकडून तिकडे हलवणे, तुलना करणे, एका उपप्रोग्राममधून दुसऱ्यात जाणे, म्हणजे रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारे काम त्यात आहे.

ड्राइस्टोनने एक माप रूढ केले. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा व्हॅक्स-११/७८० हा १९७७ चा संगणक सेकंदाला १७५७ ड्राइस्टोन करायचा. तो एक ‘मिप्स’चा, म्हणजे सेकंदाला दहा लाख सूचना पाळणारा, असे धरून चालायचे आणि बाकीच्यांना त्याच्याशी भागायचे. त्या व्हॅक्समध्ये प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा तो सेकंदाला जेमतेम पाच लाख सूचना पाळतो असे निघाले. तरी माप बदलले नाही. पुढे कितीतरी वर्षे चिपांच्या जाहिरातींत या ‘एक मिप्स’च्या पटी छापल्या गेल्या.

त्याहून मोठी अडचण कंपायलरची होती. माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारे हे सॉफ्टवेअर हुशार होत गेले, आणि ड्राइस्टोनमधल्या काही गणितांची उत्तरे कुठेच वापरली जात नाहीत हे त्याला कळू लागले. जे वापरायचे नाही ते करायचेच कशाला? ते काम गाळले जाई. चाचणी लवकर संपे, गुण वाढत, चिप मात्र तीच. १९८८ मध्ये वाइकर यांना दुसरी आवृत्ती काढावी लागली. तिची रचना मुद्दाम अशी होती की कंपायलरला काम टाळता येऊ नये.

याच वर्षी स्पेक ही संस्था उभी राहिली. अपोलो, एचपी, मिप्स आणि सन या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी ती मिळून काढली, हे तिचे विशेष. पोकळ प्रोग्राम बाजूला ठेवून लोक खरोखर वापरतात असे दहा प्रोग्राम त्यांनी निवडले. त्यात सी भाषेचा कंपायलर होता, इलेक्ट्रॉनिक मंडलांचे गणित करणारा प्रोग्राम होता. कोणत्या सेटिंगवर, कोणत्या कंपायलरने चाचणी घेतली हे जाहीर करायचे, असा नियमही केला. तरीही त्या दहांतला ‘मॅट्रिक्स३००’ फार टिकला नाही. मोठ्या कोष्टकांचा गुणाकार करणाऱ्या या प्रोग्रामचा क्रम कंपायलर असा काही बदलू लागले की एकट्या त्याचे गुण कितीतरी पटींनी उसळले आणि सरासरीही घेऊन वर गेले. १९९२ च्या संचातून तो काढून टाकला. हा जुना रोग आहे, आणि तो बरा झालेला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत स्पेकने इंटेलच्या एका कंपायलरवर घेतलेल्या २६०० हून जास्त नोंदींवर शेरा मारला, कारण त्या कंपायलरमध्ये चाचणीतल्या एका विशिष्ट प्रोग्रामपुरतीच उपयोगी पडणारी सुधारणा आढळली.

महासंगणकांचे घराणे थोडे वेगळे. जॅक डोंगारा यांनी १९७९ मध्ये ‘लिनपॅक’ या गणिती सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेला एक परिशिष्ट जोडले, त्यात एकच समीकरणसंच सोडवायला २३ संगणकांना किती वेळ लागला ते दिले होते. त्या परिशिष्टातून १९९३ मध्ये जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांची यादी उभी राहिली. आपल्या पुण्याचा या यादीशी जवळचा संबंध आहे. सी-डॅकचा परम पद्म २००३ च्या जूनमध्ये १७१ व्या स्थानी होता. टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात उभा केलेला ‘एका’ २००७ च्या नोव्हेंबरमध्ये थेट चौथा आला, आशियात पहिला. त्याची कागदावरची क्षमता होती जवळपास १७१ टेराफ्लॉप, लिनपॅक प्रत्यक्ष चालवल्यावर हाती आले ११७.९. यादीत लागतो तो दुसरा आकडा, आणि हा दंडक फार चांगला आहे. यंत्राला काय जमू शकेल यापेक्षा त्याने काय करून दाखवले ते छापले जाते. पुढे लिनपॅकही शास्त्रज्ञांच्या रोजच्या कामासारखा राहिला नाही असे वाटल्यावर डोंगारा यांनीच सहकाऱ्यांसह जास्त अवघड, मेमरीवर ताण देणारी दुसरी चाचणी पुढे आणली.

ही सगळी प्रयोगशाळांची आणि सरकारी खात्यांची गोष्ट झाली. मुंबईच्या लामिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे काही पोहोचत नव्हते. तिथे एकच भाषा होती, मेगाहर्ट्झची. १९८१ च्या आयबीएम पीसीचे ४.७७, मग २५, ३३, ६६. जोडणी केलेल्या पीसीच्या कॅबिनेटवर त्या काळी हिरव्या नाहीतर लाल दिव्यांचे दोन आकडे झळकायचे आणि शेजारी ‘टर्बो’ बटण असायचे. बटण दाबले की ३३ चे ६६ होत. बघणाऱ्याला वाटे, आतल्या चिपचा वेग मोजून दाखवला जातोय. वास्तविक त्या पाटीला चिपशी काही देणेघेणे नव्हते. पाटीच्या मागे बारीक पिना असत, त्यांवर जम्पर बसवून जोडणारा तंत्रज्ञ बटणाच्या दोन्ही स्थितींसाठी हवे ते आकडे ठरवून देई. विकत घेणाऱ्याच्या डोळ्यासमोरचा आकडा विकणाऱ्याने लावलेला असू शकतो, हे त्या पाटीइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

मेगाहर्ट्झ म्हणजे चिपच्या घड्याळाचे सेकंदाला किती दशलक्ष ठोके पडतात तो आकडा. एका ठोक्यात काम किती होते, हे त्यात येत नाही. इंटेललाच ते सांगायची गरज पडली. पुण्यात जन्मलेले विनोद धाम ज्या चिपच्या निर्मितीशी जोडले जातात तो पेंटियम १९९३ मध्ये आला. ‘३८६’ सारख्या नुसत्या आकड्यावर व्यापारी हक्क मिळत नाही असे अमेरिकी न्यायालयाने सांगितल्यामुळे त्याला आकड्याऐवजी नाव मिळाले. इंटेलने १९९२ पासून ‘आयकॉम्प’ नावाचा स्वतःचा निर्देशांक काढला होता, त्यात २५ मेगाहर्ट्झच्या ४८६ एसएक्सला १०० गुण. ६६ मेगाहर्ट्झच्या ४८६ डीएक्स२ ला २९७ आणि तितक्याच, ६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमला ५६७. घड्याळ तेच, काम जवळपास दुप्पट.

प्रतिस्पर्ध्यांनी हाच मुद्दा उलटा वापरला. १९९६ मध्ये एएमडी, सायरिक्स, आयबीएम आणि एसजीएस-थॉमसन यांनी ‘पीआर’ मानांकन आणले. सायरिक्सच्या ६x८६ पीआर२००+ चे घड्याळ १५० मेगाहर्ट्झचे, पण काम २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमएवढे, असा दावा. ऑफिसच्या प्रोग्रामांवर घेतलेल्या चाचणीत तो खराही होता. त्याच वर्षी ‘क्वेक’ हा गेम आला. त्याचे चित्र दशांश अपूर्णांकांच्या गणितावर चालते, आणि सायरिक्स नेमका तिथे कच्चा होता. पीआर२००+ बघून घेतलेल्या मशीनवर मुलांचा गेम रखडू लागला. त्या मानांकनात लबाडी नव्हती. ते दुसऱ्या कोणाच्या कामावरून काढलेले होते, इतकेच.

गिगाहर्ट्झची शर्यत २००० च्या मार्चमध्ये टिपेला पोहोचली. एएमडीने ६ तारखेला एक गिगाहर्ट्झचा अॅथलॉन जाहीर केला, इंटेलने दोन दिवसांत पेंटियम ३. नोव्हेंबरमध्ये आलेला पेंटियम ४ मुळातच घड्याळ वाढवण्यासाठी आखलेला होता. एकेक सूचना वीस टप्प्यांतून जायची, त्यामुळे प्रत्येक टप्पा छोटा आणि ठोके जलद. पण ठोक्यामागे काम कमी, आणि सुरुवातीचे पेंटियम ४ कित्येक प्रोग्रामांत पेंटियम ३ च्या मागे पडत. त्याचे गुण फुगवून दाखवल्याच्या आरोपावरून अमेरिकेत ग्राहकांनी भरलेल्या दाव्यात इंटेलने २०१४ मध्ये तडजोड केली. आरोप मान्य न करता, ग्राहकामागे १५ डॉलर. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ येणार होता, तो २००४ मध्ये रद्द झाला. उष्णता आवरेना.

लॅपटॉपचा स्वतंत्र इतिहास इथून सुरू होतो. इस्रायलमधल्या हैफाच्या इंटेल चमूने लॅपटॉपसाठी म्हणून आखलेला पेंटियम एम २००३ मध्ये आला. त्याचे १.६ गिगाहर्ट्झचे मॉडेल २४.५ वॅटचे. २.४ गिगाहर्ट्झचा मोबाईल पेंटियम ४ ३५ वॅटचा, आणि तरी काम साधारण सारखेच. आता गिऱ्हाइकाला कमी घड्याळाची चिप महाग का, हे समजावायचे कसे? पुढच्याच वर्षी इंटेलने गिगाहर्ट्झ मागे टाकून मॉडेल क्रमांक आणले आणि २००८ पासून कोअर आय७, मग आय५, आय३. आजचे स्टिकर हे त्या क्रमांकांचे वंशज आहेत.

या क्रमांकांतून पायरी कळते, ताकद कळत नाही. उदाहरण जवळून बघा. २०१६ चा कोअर आय७-७५००यू दोन कोअरचा, १५ वॅटचा. त्याच पिढीतला आय५-७३००एचक्यू चार कोअरचा, ४५ वॅटचा. व्हिडिओ एडिटिंगसारख्या, सगळ्या कोअरना एकदम जुंपणाऱ्या कामात ‘पाच’ने ‘सात’ला सहज मागे टाकले. वर्षभराने आलेला आय५-८२५०यू चार कोअरचा आणि पुन्हा १५ वॅटचाच. दुकानात तेव्हाही कित्येक जण जास्त पैसे मोजून शिलकीतला आय७ घेऊन गेले. एएमडीनेही २०२३ च्या मॉडेलांसाठी अशीच कोडी घातली. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७६४०यू ही नावे सख्ख्या भावांची वाटतात. चार अंकी क्रमांकातला तिसरा अंक चिपच्या आतल्या रचनेची पिढी सांगतो. तिथे पहिल्यात २ आहे, म्हणजे २०१९ ची झेन २. दुसऱ्यात ४, म्हणजे झेन ४. नव्या वर्षाच्या नावाखाली जुनी रचना विकायची ही रीत मला ग्राहकावर अन्याय करणारी वाटते.

ग्राफिक्स चिपांची वंशावळ क्वेकपासूनच निघते. गेममध्ये आधी नोंदवलेला खेळ पुन्हा वेगात चालवून सेकंदाला किती चित्रे निघतात ते मोजायचे, ही त्यातली सोय ग्राफिक्स कार्डांची पहिली सार्वत्रिक परीक्षा ठरली. १९९९ मध्ये एनव्हिडियाचा जीफोर्स २५६ आला, फिनलंडमधल्या फ्यूचरमार्कची थ्रीडीमार्क ही चाचणी आदल्या वर्षीपासून रुळू लागली होती, आणि फसवेगिरीला वेळ लागला नाही. २००१ मध्ये एटीआयच्या रेडिऑन ८५०० ची तपासणी करणाऱ्या काही चौकस मंडळींनी ‘क्वेक३’ या फाइलचे नाव बदलून ‘क्वॅक३’ केले. गेम तोच, नाव तेवढे बदललेले, आणि वेग घसरला. ड्रायव्हर सॉफ्टवेअर फाइलचे नाव ओळखून चित्राचा दर्जा उतरवत होते. २००३ मध्ये पाळी एनव्हिडियाची. थ्रीडीमार्कमध्ये कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरतो. ड्रायव्हरला ती वाट माहीत होती, म्हणून कॅमेऱ्यात न येणारा भाग तो काढतच नव्हता. फ्यूचरमार्कने हे ओळखून चाचणी दुरुस्त केली तेव्हा एनव्हिडियाच्या कार्डाचे गुण २४ टक्क्यांपर्यंत उतरले. एटीआयचेही थोडे उतरले. पुढच्याच महिन्यात मात्र फ्यूचरमार्क आणि एनव्हिडिया यांनी संयुक्त निवेदन काढून ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेतला. ते मला पटलेले नाही.

आज असे उघड प्रकार कमी झाले आहेत. खरेदीदार फसतो तो दुसऱ्या ठिकाणी, वॅटच्या ठिकाणी. एनव्हिडियाने २०१६ मध्ये लॅपटॉपच्या चिपांच्या नावामागचा ‘एम’ काढून टाकला. २०२१ मध्ये कमी विजेच्या मॉडेलांवरची वेगळी खूणही गेली. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला आहे, स्टिकर एकच. आरटीएक्स ४०९० चे तर नावच फसवे. डेस्कटॉपच्या कार्डात १६,३८४ कोअर आणि ४५० वॅट, त्याच नावाच्या लॅपटॉप चिपमध्ये ९,७२८ कोअर आणि ८० ते १५० वॅट.

वेगळी ग्राफिक्स चिप नसलेल्या लॅपटॉपमध्ये रॅमची मांडणी महत्त्वाची, कारण तिथे ग्राफिक्स रॅमच वाटून घेते. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सला दोन चॅनेलची रॅम लागते. दुकानदाराने एकच पट्टी घातली असेल तर त्याच लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयरिस एक्सईऐवजी ‘यूएचडी ग्राफिक्स’ असे नाव दिसते. घेण्याआधी एवढे उघडून बघायला एक मिनिट पुरते.

प्रोसेसरच्या बाबतीत सिनेबेंच या चाचणीने चांगली वाट घालून दिली आहे. मॅक्सन या जर्मन कंपनीच्या सिनेमा ४डी या खऱ्या सॉफ्टवेअरचे इंजिन त्यात आहे. पडद्यावर एक चित्र छोट्या छोट्या चौकोनांनी भरत जाते, प्रत्येक कोअर आपला चौकोन भरतो. २०२० च्या आर२३ आवृत्तीपासून ही चाचणी ठरावीकपणे दहा मिनिटे चालते. पातळ लॅपटॉपचे चौकोन पहिल्या मिनिटात झपाझप भरतात, पंखा चढतो, धातू तापतो, आणि चौकोन रेंगाळू लागतात. पहिल्या फेरीचे आणि दहाव्या मिनिटाचे गुण यांत जो फरक पडतो तो चिपचा नसतो, त्या विशिष्ट लॅपटॉपच्या थंड होण्याच्या सोयीचा असतो. म्हणून नुसत्या चिपच्या नावाने गुण शोधण्यात अर्थ नाही. जो लॅपटॉप घ्यायचा आहे त्याच मॉडेलचे, चार्जर लावून आणि काढून, दोन्हीकडचे गुण शोधा.

त्याहून खात्रीची वाट गिब्सन यांची. स्वतःचे काम सोबत घेऊन जा. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याने आपले सर्वांत जड ड्रॉइंग, एडिटिंग करणाऱ्याने पाच मिनिटांचे फुटेज, प्रोग्रामिंग करणाऱ्याने आपला प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर न्यावा आणि दुकानातल्या डेमो मशीनवर चालवून घड्याळ लावावे. चांगला दुकानदार त्याला ना म्हणत नाही. ग्राफिक्स चिप असेल तर ती किती वॅटची, हे विचारा. त्याला ठाऊक नसेल तर कंपनीच्या तपशीलपत्रकात ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ या ओळीत तो आकडा असतो. तिथेही छापला नसेल तर ते मॉडेल सोडा आणि शेजारचे बघा.